अपरिहार्य आणि मोलाचा

स्टेफन करी मोठा की रसेल वेस्टब्रुक, हा वाद बास्केटबॉलच्या चाहत्यांत कित्येक वर्षे चालू आहे आणि सुरू झाला होता तिथेच तो अजून उभा आहे. एक पक्ष करीची चार विजेतेपदे पुढे करतो, दुसरा वेस्टब्रुकच्या ट्रिपल-डबलची, म्हणजे एकाच सामन्यात सहसा गुण, रीबाउंड आणि असिस्ट हे तिन्ही दोन आकडी करण्याची, रास. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या चर्चांत हे दळण रोज चालते. आपल्याकडेही सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी मोबाइलवर एनबीएचा सामना पाहणारी मुले आता कमी नाहीत, आणि त्यांच्याही तोंडी हेच दोन हिशेब असतात. माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही. आकड्यांवाचून या खेळावर नीट बोलता येत नाही असेच माझे मत आहे. तक्रार ही की, खेळाडू आपल्या संघाला नेमका कोणत्या वाटेने उपयोगी पडतो, हा प्रश्न या वादात कोणी विचारत नाही.

विजेतेपदांच्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवत नाही. रॉबर्ट हॉरीकडे सात विजेतेपदे आहेत आणि मायकल जॉर्डनकडे सहा; एवढ्यावर त्या दोघांचा निकाल लावायला कोणीही धजणार नाही. करीने लांबून शॉट मारण्याची रीत रूढ करून खेळच पालटला, हेही खरे आहे, पण तो खेळाच्या इतिहासाचा भाग झाला. एका संघाला एका रात्री तो किती उपयोगी पडतो, याचे उत्तर त्यात नाही. आणि वेस्टब्रुक केवळ आकडे फुगवण्यासाठी खेळतो, हा आरोप मला हिणकस वाटतो. ज्याने त्याचे सलग चार-पाच सामने पाहिले आहेत तो असे म्हणणार नाही.

या सगळ्यांहून वेगळा, आणि माझ्या मते एकच दखल घेण्याजोगा, असा एक युक्तिवाद आहे. त्याच्याशीच मला भांडायचे आहे.

पण आधी दोघांविषयी थोडे. दोघे १९८८ सालचे. करी मार्चमधला, वेस्टब्रुक नोव्हेंबरमधला. दोघांचीही उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, म्हणजे एनबीएच्या मापाने लहानखुरीच. दोघांचे काम एकच, पॉइंट गार्डचे: चेंडू पुढे आणायचा आणि डाव मांडायचा. वेस्टब्रुक यूसीएलएमधून आला तेव्हा त्याची ओळख मुख्यतः चिवट बचावासाठी होती. २००८ च्या ड्राफ्टमध्ये सिएटलने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले आणि तो पहिला सामना खेळण्याआधीच तो संघ ओक्लाहोमा सिटीला हलला. करी डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजातून आला, किरकोळ अंगकाठीचा. २००९ मध्ये सातवा. त्याचे घोटे इतके दुखावत की २०११-१२ च्या मोसमात तो २६ सामनेच खेळू शकला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ च्या वसंतात प्लेऑफच्या मालिकेत वेस्टब्रुक आणि केविन ड्युरँट यांचा ओक्लाहोमाचा थंडर संघ करीच्या वॉरियर्सपुढे ३-१ असा आघाडीवर होता, ती आघाडी निसटली, आणि त्या जुलैच्या ४ तारखेला ड्युरँटने वॉरियर्समध्ये जात असल्याचे जाहीर केले.

या निर्णयावर नीतीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. मला त्यात दुसरेच काही दिसते. एक अव्वल खेळाडू एका गार्डशेजारून उठला आणि दुसऱ्या गार्डशेजारी जाऊन बसला. पुढच्याच मोसमात, २०१६-१७ मध्ये, वेस्टब्रुकला ड्युरँटवाचून खेळावे लागले आणि करीला ड्युरँटसह. दोघांच्या कौशल्यांची आणि संघातल्या त्यांच्या मोलाची तुलना करायला यापेक्षा सोयीची मांडणी मिळणे अवघड आहे. तरीही त्या वर्षाविषयी बोलताना बहुतेक जण एकाच बाजूला पाहतात, कारण त्या बाजूला जे घडत होते ते डोळे दिपवणारे होते.

त्या मोसमात वेस्टब्रुकची सामन्यागणिक सरासरी ३१.६ गुण, १०.७ रीबाउंड आणि १०.४ असिस्ट अशी होती. संपूर्ण मोसमात ट्रिपल-डबलची सरासरी राखण्याचा पराक्रम त्याआधी एकदाच घडला होता, १९६१-६२ मध्ये, ऑस्कर रॉबर्टसनच्या हातून. रॉबर्टसनच्या ४१ ट्रिपल-डबलचा विक्रम वेस्टब्रुकने ९ एप्रिल २०१७ ला डेन्व्हरमध्ये मोडला. त्या सामन्यात त्याने ५० गुण, १६ रीबाउंड आणि १० असिस्ट केले, आणि शेवटचा भोंगा वाजता वाजता फार लांबून मारलेल्या शॉटने सामना १०६-१०५ असा खिशात घातला. डेन्व्हरची प्लेऑफची आशा त्या शॉटने संपली. मी तो शॉट अनेकदा पाहिला आहे, आणि दरवेळी मला त्या माणसाच्या जिद्दीपुढे मान तुकवावीशी वाटते. बचावफळीवर चालून जाताना तो ज्या वेगाने आणि ज्या त्वेषाने झेपावतो, तसे झेपावणारा त्याच्या उंचीचा दुसरा गार्ड मी पाहिलेला नाही. त्याच्या रीबाउंडवरून फार कुजबुज झाली, पण त्यामागे साधी योजना होती. स्टीव्हन अॅडम्ससारखा धिप्पाड सेंटर प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून धरायचा आणि चेंडू वेस्टब्रुक घ्यायचा, म्हणजे सेंटरने घेऊन गार्डला देण्यात जाणारा क्षण वाचायचा आणि वेस्टब्रुक तिथूनच सुसाट सुटायचा. प्रशिक्षक बिली डोनोव्हन यांच्या संघाचे ते शस्त्र होते.

थंडरने ४७ सामने जिंकले. पन्नाशीच्या आत राहिलेल्या संघातला खेळाडू एनबीएचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरणे फार दुर्मिळ, वेस्टब्रुक ठरला. आणि ज्या युक्तिवादाने तो ठरला तोच माझा विषय आहे.

युक्तिवाद असा. त्याला काढा, संघ कोसळतो. थंडर आणि ह्यूस्टन यांच्यातली २०१७ ची पहिल्या फेरीतली मालिका पाहा: वेस्टब्रुक मैदानावर असे तोवर थंडर बरोबरीने लढत, तो श्वास घ्यायला बाकावर बसला की आघाडी वितळून जाई. मालिका ४-१ अशी गेली, पण ती गेली बाकावरच्या त्या मिनिटांत. तेव्हा ज्याच्या नसण्याने सर्वाधिक नुकसान होते त्याचे मोल सर्वाधिक. यापेक्षा स्वच्छ मोजमाप कोणते? करीच्या संघात तेव्हा ड्युरँट होता, क्ले थॉम्पसन होता, ड्रेमंड ग्रीन होता. करी बसला तरी गाडी चाले. वेस्टब्रुक बसला की ती थांबे.

हा युक्तिवाद मला मूर्खपणाचा वाटत नाही. वजाबाकीचा हिशेब दिसायला निर्दोष असतो. शिवाय त्यात एक न्यायबुद्धी आहे: दुबळ्या संघाला एकट्याने ओढणाऱ्याचे कष्ट विजेत्यांच्या झगमगाटात विसरले जाऊ नयेत, ही. आपल्या क्रीडापानांनाही एकहाती पराक्रम प्रिय असतो, आणि त्या प्रियतेत काही वाईट नाही. पण या वजाबाकीत एक गफलत आहे, आणि ती इतकी वरवर न दिसणारी आहे की तिच्यापाशी थांबावेच लागते.

खेळाडू बाकावर बसला आणि संघ कोसळला, तेव्हा दोन गोष्टींची बेरीज आपल्यासमोर असते. एक, त्या खेळाडूच्या कौशल्याची उणीव. दुसरी, त्याच्या भोवती संघ ज्या पद्धतीने घडवला गेला त्या घडणीची उणीव. घरातले सगळे व्यवहार एकटीने ओढणारी बाई चार दिवस तापाने पडली की घर ठप्प होते. कुठल्या डब्यात काय आहे, कुणाचे पैसे द्यायचे आहेत, धाकट्याचे औषध कुठे आहे, कोणालाच माहीत नसते. त्या ठप्प होण्यात तिच्या कष्टांचा पुरावा नक्की असतो. पण बाकीच्यांना काही शिकायची वेळच आली नव्हती, याचाही तोच पुरावा असतो. त्यात दोष तिचा नसेल, बहुधा नसतोच. तरी घर ठप्प झाले ते किती तिच्या गुणांमुळे आणि किती घराच्या घडणीमुळे, हे वेगळे केल्याशिवाय तिच्या मोलाचा हिशेब करता येत नाही.

२०१६-१७ च्या थंडरची घडण कशी होती? खेळाडू मैदानावर असताना संघाला चेंडूचा ताबा जितक्या वेळा मिळतो, त्यातले किती ताबे त्याच्याच शॉटने, फ्री थ्रोने किंवा त्याच्या हातून चेंडू जाऊन संपतात, याचे एक प्रमाण काढतात. वेस्टब्रुकचे त्या मोसमातले प्रमाण जवळपास ४२ टक्के होते. ही नोंद ठेवली जाऊ लागल्यापासून इतके प्रमाण तोवर कोणाचेच नव्हते. असिस्ट त्यात धरलेलेच नाहीत. ते धरले तर थंडरचा जवळपास प्रत्येक निर्णय एकाच माणसाच्या हातून होत होता असे म्हणावे लागते. उरलेले चौघे काय करत? जागा धरून उभे राहत, पास आला तर मारत, चुकलेला चेंडू मिळवत. निर्णय घेणे हेही कौशल्य आहे आणि तेही सरावानेच अंगी येते. महिनोन्‌महिने ज्यांनी ते घेतले नाहीत त्यांच्या हातात वेस्टब्रुक बसल्यावर अचानक डाव आला, तर ते चाचपडणार नाहीत तर काय? त्या चाचपडण्याला वेस्टब्रुकच्या खात्यावर जमा करणे म्हणजे परावलंबन निर्माण करण्याचेच बक्षीस देणे झाले.

याला पुरावा हवा, आणि तो आहे. व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस साबोनिस हे दोघे त्या मोसमात वेस्टब्रुकबरोबर होते. ओलाडिपोची सरासरी १५.९ गुणांची होती, साबोनिसची सहाच्याही आत. २०१७ च्या उन्हाळ्यात पॉल जॉर्जच्या बदल्यात दोघांना इंडियानाला पाठवले गेले, तेव्हा इंडियाना पुरते फसले असाच सर्वत्र सूर होता. पुढच्याच मोसमात ओलाडिपो २३.१ गुणांवर गेला, वर्षातला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू ठरला, ऑल-एनबीएच्या तिसऱ्या संघात निवडला गेला. साबोनिसची सरासरी जवळपास दुप्पट झाली. पुढे तो ऑल-स्टार झाला. ओक्लाहोमात जे 'वेस्टब्रुकचे दुबळे सोबती' म्हणून ओळखले जात, त्यांत हे दोघे होते.

मला आक्षेप ठाऊक आहेत. साबोनिस तेव्हा पहिल्याच वर्षात होता, आणि पहिल्या वर्षाचा मुलगा दुसऱ्या वर्षी सुधारतोच. ओलाडिपोने त्या उन्हाळ्यात शरीरावर फार मेहनत घेतली होती. दोन्ही खरे. पण एवढ्याने मी माघार घ्यावी असे ज्यांना वाटते त्यांनी मला एवढे सांगावे: ओलाडिपोची मेहनत ओक्लाहोमात फळाला आली असती, तर ती दिसली कुठे असती? चेंडू तर दुसऱ्याच्या हातात होता.

त्याच ह्यूस्टन मालिकेतला दुसरा सामना या संदर्भात पाहण्यासारखा आहे. वेस्टब्रुकने ५१ गुणांचे ट्रिपल-डबल केले, प्लेऑफमध्ये असे कोणी कधी केले नव्हते, आणि थंडर ११५-१११ असे हरले. चौथ्या पावभागात त्याने १८ शॉट मारले, ४ पडले. थकलेला माणूस, समोर त्याच्यासाठीच दबा धरून बसलेला बचाव, आणि तरी पुन्हा पुन्हा तोच. अनुपस्थितीच्या वजाबाकीत ही मिनिटे त्याच्या बाजूला जमा होतात, कारण तो मैदानावर होता आणि संघ फार मागे पडला नाही. मला त्यांत संघाचा कोंडमारा दिसतो.

वेस्टब्रुकने स्वतः हा युक्तिवाद नाकारला होता, हे त्याच्या कैवाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे. चौथ्या सामन्यानंतर पत्रकारांसमोर अॅडम्सला कोणी विचारले की वेस्टब्रुक बसला की तुमचे बाकीचे का ढेपाळतात. वेस्टब्रुकने प्रश्न मध्येच तोडला आणि आम्हाला असे वेगळे पाडू नका, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे, अशा अर्थाचे सुनावले. तो उद्धट वागला असे तेव्हा लिहिले गेले. मला वाटते त्या खोलीत बास्केटबॉल सर्वात नीट त्यालाच कळत होते.

आता तराजूची दुसरी बाजू. त्याच मोसमात करीच्या घरी ड्युरँट आला. करी त्याआधीच्या वर्षी सर्वच्या सर्व १३१ पहिल्या पसंतीची मते मिळवून सर्वात मोलाचा खेळाडू ठरला होता. एकमताने ठरलेला तो पहिलाच. त्या वर्षी त्याने तीन गुणांचे ४०२ शॉट पाडले होते, सरासरी ३०.१ गुणांची होती, संघाने ७३ सामने जिंकले होते. अशा माणसाला चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायला सांगणे सोपे नसते. करीची सरासरी २५.३ वर आली. ड्युरँटचे गुणही थोडे उतरले, पण शॉट पाडण्याचे प्रमाण ५०.५ टक्क्यांवरून ५३.७ वर गेले, त्याच्या कारकिर्दीतले तोवरचे सर्वोत्तम. प्लेऑफमध्ये संघ १६ जिंकला आणि १ हरला. याचे श्रेय एकट्या करीला नाही. थॉम्पसन, ग्रीन, प्रशिक्षक स्टीव्ह कर यांची पद्धत, सगळ्यांचा वाटा आहे. पण आधीच उत्तम असलेला ड्युरँट आणखी अचूक का झाला, याचे कारण शोधताना आपल्याला अशा जागी जावे लागते जिथे गुणपत्रिकेचा उजेड पोचत नाही.

करीकडे चेंडू नसताना काय होते ते पाहा. तो थांबत नाही. एका कोपऱ्यातून निघतो, दोन स्क्रीनच्या, म्हणजे सोबत्यांनी अंगाने धरलेल्या आडोशांच्या, आडून बाहेर येतो, पास मिळाला नाही तर परत आत शिरतो. त्याच्यामागे एक बचावपटू धावतो आणि दुसरा निम्मे लक्ष त्याच्याकडे ठेवतो. हा दुसरा माणूस महत्त्वाचा. ग्रीन फ्री थ्रोच्या रेषेपाशी चेंडू घेऊन उभा असतो आणि त्याला चार विरुद्ध तीन अशी मोकळीक मिळते, कारण दोघे करीच्या पाठीशी गुंतलेले असतात. करी स्वतः स्क्रीनही लावतो. सव्वासहा फुटांच्या गार्डने पावणेसात फुटी माणसासाठी स्क्रीन लावणे विचित्र वाटते, पण ती काम करते, कारण करीला सोडून मदतीला जायची बचावपटूची छातीच होत नाही. तो अर्धा क्षण अडखळतो आणि स्क्रीन घेतलेला माणूस रिंगखाली एकटा असतो. गुण त्याच्या नावावर, असिस्ट पास देणाऱ्याच्या. करीच्या नावावर काही नाही.

याचे सर्वात उघड उदाहरण २०१९ च्या अंतिम मालिकेत दिसले. दुसऱ्या सामन्यात ड्युरँट नव्हताच, थॉम्पसन चौथ्या पावभागात जायबंदी होऊन बाहेर गेला. टोरांटोचे प्रशिक्षक निक नर्स यांनी बॉक्स-अँड-वन लावला: चौघे चौकोनात, आणि पाचवा, फ्रेड व्हॅनव्लीट, फक्त करीच्या अंगाला चिकटलेला. शाळकरी संघ एखाद्या आडदांड पोराला आवरायला हा बचाव वापरतात. एनबीएच्या अंतिम मालिकेत तो दिसणे हा जाणत्यांनाही धक्काच होता. वॉरियर्सची पाच मिनिटांहून अधिक काळ कोंडी झाली. पण शेवटी टोरांटो दोनच गुणांनी मागे असताना करीवर दोघे धावले, चेंडू त्याचा सोबती लिव्हिंग्स्टन याच्याकडे गेला, त्याच्याकडून साफ मोकळ्या सुटलेल्या आंद्रे इगुडालाकडे, आणि इगुडालाने तीन गुणांचा शॉट पाडून सामना १०९-१०४ असा संपवला. असिस्ट लिव्हिंग्स्टनचा. मालिका वॉरियर्स हरले, ते वेगळे. पण त्या एका चालीत दोघांना ओढून नेणारा माणूस नोंदवहीत नाही.

यावर दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, हे सगळे कर यांच्या पद्धतीमुळे. करी पद्धतीचे अपत्य आहे. याला उत्तर एवढेच की, अशी पद्धत आखण्याची हिंमत ज्याच्या जिवावर झाली तो करीच. त्याच्या जागी बेताचा शूटर ठेवून तीच पद्धत चालवून पाहावी. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे: करीवाचूनही वॉरियर्स कोसळलेच की. २०१९-२० मध्ये त्याचा हात मोडला, तो ५ सामने खेळला, आणि संघ १५ जिंकून ५० हरला. मग वजाबाकीचा नियम करीलाही लागू, आणि तो जिंकतोही. मला या उदाहरणाचा आधार घेता आला असता, पण घ्यायचा नाही. त्या वर्षी ड्युरँट गेला होता, थॉम्पसनचा गुडघा गेला होता. आणि मुख्य म्हणजे कोसळणे हे माप वेस्टब्रुकसाठी खोटे असेल तर करीसाठीही खोटेच. मोल मोजायचे तर तो मैदानावर असतानाच मोजायला हवे: तो असताना बाकीचे चौघे त्यांच्या एरवीच्या कुवतीपेक्षा वर जातात, की खाली? अँड्र्यू विगिन्सला मिनेसोटात कित्येक वर्षे 'वाया गेलेला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू' म्हणत. करीशेजारी येऊन २०२२ मध्ये तो ऑल-स्टार झाला आणि त्या वर्षीच्या विजेतेपदात करीनंतर सर्वात मोठा वाटा बहुधा त्याचाच. जॉर्डन पूल करीच्या सावलीत बहरला आणि वॉशिंग्टनला गेल्यावर पहिल्या मोसमात त्याचे शॉट पडेनासे झाले.

तेव्हा भार वाहणारा आणि भार हलका करणारा, असे दोन प्रकार आहेत, आणि माझ्या लेखी सगळा वाद या फरकापाशी येऊन थांबतो. भार वाहणारा अपरिहार्य असतो. त्याच्यावाचून चालत नाही, आणि जितका जास्त भार तो उचलतो तितके त्याच्यावाचून चालेनासे होते. भार हलका करणारा मोलाचा असतो. तो असताना इतरांचे काम सोपे होते आणि त्या सोपेपणातून इतर स्वतः काहीतरी होतात. दोन्ही गुण एकाच माणसात असू शकतात. करीने २०२२ च्या अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात बोस्टनमध्ये ४३ गुण करून भारही वाहिला. पण पुरस्कार देताना, याद्या करताना, आपण अपरिहार्यतेलाच मोल समजतो.

हा फरक माणसांचा नसून खेळण्याच्या रीतीचा आहे, हे वेस्टब्रुकच्याच कारकिर्दीतून दिसते, आणि इथे मला त्याच्याविषयी न्यायाने बोलायचे आहे. २०१८-१९ मध्ये त्याने चेंडू बराचसा पॉल जॉर्जकडे सोपवला, आणि जॉर्जने २८ गुणांच्या सरासरीने कारकिर्दीतला सर्वोत्तम मोसम काढला, सर्वात मोलाच्या खेळाडूच्या मतदानात तिसरा आला. २०२० मध्ये ह्यूस्टनने आपला सेंटर क्लिंट कपेला देऊन टाकला, रिंगखालची जागा मोकळी केली, आणि त्या मोकळ्या जागेत वेस्टब्रुक काही आठवडे अडवता न येण्यासारखा खेळला. याउलट २०२१-२२ मध्ये लेकर्समध्ये चेंडू लेब्रॉन जेम्सकडे असताना वेस्टब्रुक लांब उभा राहिला की प्रतिस्पर्धी त्याला खुशाल सोडून देत आणि त्याचा बचावपटू रिंगखाली जाऊन लेब्रॉनची वाट अडवत असे. संघ ३३ जिंकला, ४९ हरला. चेंडू हातात असलेला वेस्टब्रुक आणि चेंडू हातात नसलेला वेस्टब्रुक यांच्यात एवढे अंतर होते. करीच्या बाबतीत ते अंतर जवळजवळ नाही. म्हणून कोणी मला दोघांमधला फरक एका प्रश्नात विचारायला सांगितले, तर मी असे विचारीन: चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना त्याचा बचावपटू कुठे उभा आहे? करीचा त्याच्या अंगाला चिकटलेला असतो. वेस्टब्रुकचा वर्षानुवर्षे दुसऱ्याच कोणाच्या मदतीला गेलेला असे. शूटिंगचे टक्के हे याचे एक कारण आहे, पण एकमेव कारण नव्हे. उभे राहणे आणि धावत राहणे यातली निवडही त्यात आहे, आणि ती निवड शॉट पडण्यावर अवलंबून नसते.

२०२४-२५ मध्ये हे दिसलेही. छत्तिशीत पोचलेला वेस्टब्रुक डेन्व्हरला गेला, जिथे सगळा डाव निकोला योकिचच्या हातून चालतो. ज्या शहराची प्लेऑफची आशा त्याने २०१७ मध्ये मोडली होती तिथेच तो आता चेंडूवाचून धावू लागला. बचावपटूने पाठ फिरवली की रिंगकडे कापत जायचे, योकिचचा पास तिथे पोचतो. पास आला नाही तरी कोणीतरी त्याच्यामागे ओढला जातो आणि दुसऱ्याची जागा मोकळी होते. त्याचे लांबचे शॉट काही फार सुधारले नव्हते. पाय मात्र थांबत नव्हते. त्वेष तोच होता, वेगही बराचसा तोच. विशीत आणि तिशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा त्याच्या झेपेला तोड नव्हती, तेव्हा त्याच्या कोणत्याही प्रशिक्षकाने त्याला असे खेळायला भाग पाडले असते, तर ओलाडिपोला स्वतःचा खेळ सापडण्यासाठी इंडियानाला जावे लागले असते का, आणि ह्यूस्टनविरुद्धचा तो चौथा पावभाग तसाच गेला असता का, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या ट्रिपल-डबलच्या संख्येत शोधून सापडणार नाहीत.